काजळ्याची ओतणी

काजळ्या डोंगराची कातडी धाकटीनं एका करपलेल्या पातेल्यावरून घेतली होती.

ती दूध गॅसवर ठेवायची आणि मुद्दाम विसरायची. पातेलं थंड झालं की तळाला काळी खपली उरायची, कुठे फोड आलेली, कुठे तकतकीत, कुठे बोट लावताच भुगा होणारी. तिचे ती चारी बाजूंनी फोटो काढायची आणि मग तीच खपली प्लास्टरमध्ये मोठी करून डोंगरावर चढवायची. थंड झालेला लाव्हा आणि करपलेलं दूध यांत फारसा फरक नाही, असं तिचं मत होतं. दोन्ही उतू गेलेलं असतं, आणि दोन्हींच्या वेळी ज्यानं बघायला हवं होतं तो दुसरीकडे बघत असतो.

हा टोमणा कुणाला, ते दादाला ठाऊक होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोघं मिळून एक जग चालवायची.

म्हणजे असं, की ज्या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन 'मी दार उघडतो', 'मी तलवार काढतो' म्हणतात आणि फाशांवर नशीब सोडतात, त्या खेळासाठी ही दोघं देश बनवायची. दादा राजे, शाप आणि लढाया लिहायचा. धाकटी जमीन करायची. अख्ख्या टेबलाएवढी प्रतिकृती: तारेची जाळी, तिच्यावर कागदाचा लगदा, त्यावर प्लास्टर, त्यावर रंग. तिचे फोटो निघायचे, फोटोंवरून नकाशे व्हायचे आणि पुस्तक बाहेर पडायचं. मुखपृष्ठावर दादाचं नाव. धाकटीचं आत, आभाराच्या पानावर, कागद पुरवणाऱ्याच्या खाली. त्या कागदवाल्याला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, पण तिच्या रागात त्याचाही हक्काचा वाटा होता.

दादा रागीट होता. आपला राग म्हणजे प्रतिभा आहे असं त्याला लहानपणी कुणीतरी सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं. धाकटीही तेवढीच रागीट होती. तिच्या रागाला घरात 'नखरे' म्हणायचे.

घरात एकट्या बाबांना राग यायचा नाही. हे जग सुरू झालं तेही बाबांमुळेच. दोघं लहान असताना अंगणात मातीचा डोंगर करून नदी कुठून जाणार यावर झोंबाझोंबी करत होती. बाबा कचेरीतून आले, पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी आणून डोंगराच्या माथ्यावर ओतलं आणि म्हणाले, "भांडता कशाला? पाणीच सांगेल." पाण्यानं सांगितलं. तेव्हापासून त्या जगात कुठलीही नदी, कुठलाही पूर, कुठलाही लाव्हा मनानं काढायचा नाही असं ठरलं. ओतायचं, आणि ओतलेलं जिथं जाईल ते खरं. याला ती दोघं ओतणी म्हणायची. हल्ली दादा प्रस्तावनेत त्याला 'माझी पद्धत' म्हणत असे.

दुसरा नियम खेळाचा होता: बोललं ते झालं. 'मी' म्हणून जे तोंडातून गेलं ते परत घेता येत नाही. आणि एका वेळी एकच पात्र. दुसऱ्याचं पात्र हातात घेतलंत तर तुमचं स्वतःचं जिथं असेल तिथंच बसून राहणार, तुम्ही परत येईपर्यंत.

दादाचं पात्र होतं बखरकार. रत्नकोट नावाच्या उंच शहरात, निळ्या दाराच्या पांढऱ्या घरात राहणारा, सगळं जाणणारा. बाबांनी घेतला होता दिवेवाला. काजळ्याच्या पायथ्याशी सांगाती नदीवर सांजगाव नावाचं गाव होतं, तिथं रस्त्यावरचे दिवे लावणारा. बाबांची पाळी आली की ते एकच वाक्य बोलायचे: "मी दिवे लावतो आणि घरी जातो."

"अहो बाबा, गावावर राक्षस चालून आलाय!" दादा ओरडायचा.

"येऊ दे की. अंधार पडलाय ना? मग मी दिवे लावतो आणि घरी जातो."

धाकटीला पात्र नव्हतं. ती म्हणायची, मी डोंगर. दादा म्हणायचा, डोंगराला पाळी नसते.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दिवेवाला मात्र होता. आगपेटीच्या काडीचा, बाबांनीच चाकूनं तासलेला, हातात सुईएवढी काठी. प्रत्येक नव्या प्रतिकृतीत धाकटी सांजगाव पुन्हा बांधायची, टाचण्यांची डोकी पिवळी रंगवून दिवे करायची आणि काडीला गावात उभी करायची. चिकटवायची नाही. बाबा तिला दर पाळीला हलवायचे, म्हणून.

आणि या खंडात दादाला सांजगाव गाडायचं होतं.

"काजळ्या फुटणार, तर कुणीतरी खाली सापडायला हवं ना?" दादा म्हणाला. कामाची खोली टायर दुरुस्तीच्या दुकानावर होती. जिन्यातून जळक्या रबराचा वास यायचा, आणि मधूनमधून हवा सोडल्याचा सुस्कारा. "वाचकाला रडायला काहीतरी लागतं. सांजगाव सगळ्यांचं आवडतं आहे."

"दुसरं गाव घे."

"दुसऱ्या गावासाठी कोण रडणार?"

धाकटी पटाशीनं एक घळ कोरत होती. ती थांबली नाही. "बाबा गेले तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. प्रकाशकाला फोन करून तारीख पुढे ढकललीस आणि जेवायला बसलास. आता लोकांकडून रडून घेणार होय?"

"तुझं हे नेहमीचं. कामाच्या गोष्टीत घरचं आणायचं."

"हे काम घरचंच आहे! अंगणातलं आहे! तू त्याला मुखपृष्ठ चढवलंस म्हणून ते तुझं झालं का?"

"मग लिही तू. लिही ना. बघू किती जण वाचतात."

खाली कुणीतरी हवा सोडली.

"ओतणी सांगेल ते खरं," शेवटी धाकटी म्हणाली.

"ओतणीच सांगणार आहे," दादा हसला. "उतार मी सांगितलाय, तसाच तू केलायस. सरळ गावात." हे खरं होतं. धाकटीनं उतार चोख दिला होता. चिडली तरी कामात ती लबाडी करत नसे. याचा तिला अभिमान होता, आणि दादाला फायदा.

ओतणीसाठी खळ लागायची. कॉर्नफ्लोअरची, लाल रंग घातलेली, दाट, गरम. ती छोट्या शेगडीवर शिजवायची आणि विवरात संथ धारेनं सोडायची. फोटोवाली कॅमेरा लावून उभी असायची. ही बाई लग्नाचे फोटो काढून काढून माणसांना कंटाळली होती आणि डोंगरांकडे वळली होती. डोंगर डोळे मिटत नाहीत, एवढी एकच तारीफ तिच्या तोंडून कधी ऐकू यायची.

पहिल्या ओतणीला दुपार होती. खळ विवराच्या ओठावरून ओघळली, करपलेल्या कातडीवरून चकाकत खाली आली, घळीत शिरली, घळीतून उतारावर, उतारावरून थेट सांजगावाकडे. दादानं आधीच हाताची घडी घातली होती.

पहिल्या दिव्यापासून बोटभर अंतरावर ती थांबली.

मागून खळ येतच होती. ती पुढे जाईना. चढत गेली. गावाच्या वेशीवर लाल भिंतीसारखी उभी राहिली, जराशी थरथरत, आणि तशीच निवली.

"दाट झालीये," दादा म्हणाला.

"असेल," धाकटी म्हणाली. तिलाही तसंच वाटलं होतं. वाटायलाच हवं होतं. खळ निवते, थिजते, थांबते. फक्त दरवेळी ती खालच्या अंगाला पसरून थांबते, अशी उभी राहून थांबत नाही.

पुसून, वाळवून, दोन दिवसांनी पुन्हा ओतली. या वेळी खळ पातळ केली, जवळजवळ पाणीच. दादानं स्वतः कानस घेऊन उतार आणखी घासला होता. खळ धावत आली, पहिल्या दिव्यापाशी दुभंगली, गावाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून नदीत उतरली. गावात थेंब नाही.

दादाचा चेहरा खळीसारखा लाल झाला. "काय लावलंयस तिथं? मेण? तेल?"

"काही नाही."

"खोटं बोलू नकोस! बोट फिरवून बघू?" त्यानं फिरवलं. कोरडं, खरखरीत प्लास्टर. त्यानं बोट झटकन मागे घेतलं. "गरम का आहे?"

"खाली टायर भाजतात," धाकटी म्हणाली.

फोटोवाली दोघांकडे न बघता कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होती. "तुमचं भांडण झालं की हे बघा," ती म्हणाली. "मी काही केलेलं नाही. आधीच सांगते."

फोटोत नदीकडचे काही दिवे पेटलेले दिसत होते. पिवळ्या रंगाचा ठिपका वेगळा आणि उजेड वेगळा. लग्नांत आयुष्य घालवलेल्या बाईला तो फरक सांगावा लागत नाही. प्रत्येक दिव्याखाली, रस्त्यावर, उजेडाचं छोटं गोल वर्तुळ पडलं होतं.

"बल्बचं प्रतिबिंब," दादा म्हणाला.

"बल्ब त्या बाजूला आहे," फोटोवाली म्हणाली. "नदीच्या बाजूला सिंक आहे."

बाबा दिवे नेहमी नदीकडून लावत यायचे.

दादा बोलला ते भलतंच. जिन्यात उभं राहून, खालच्या टायरवाल्यालाही ऐकू जावं इतक्या आवाजात तो म्हणाला, की धाकटी लबाड आहे, तिनं बाबांची ओतणी नासवली, आणि पुढच्या खंडाला आपण दुसरी कारागीर बघणार. कारागीर! धाकटी सिंकपाशी उभी राहून ब्रश धूत होती. तिनं तो ब्रश इतका धुतला की त्याचे केस सुटले.

जन्मभर खरं वागून लबाड ठरायचं, तर निदान लबाडी तरी पदरात पडावी. दादा गेल्यावर तिनं पटाशी घेतली. काजळ्याच्या पलीकडच्या अंगाला, रत्नकोटाच्या दिशेनं, विवराच्या ओठाला एक खाच पाडली आणि खाचेतून खाली एक पन्हळ कोरत नेली. रागानं हात कसा सरळ चालतो! पन्हळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली, त्या टेकडीवर रत्नकोट आणि निळं दार, आणि तेवढ्यात दादा विसरलेली छत्री न्यायला जिना चढताना ऐकू आला. तिनं पन्हळीवर राख पसरली, काळा रंग फासला. टेकडी फोडायची राहून गेली. खळ पायथ्यापर्यंत जाऊन थांबेल, शहराला काही होणार नाही. ठीक आहे. सांजगावाकडून वळली म्हणजे झालं.

तिसरी ओतणी शेवटची होती. शुक्रवारी पुस्तक छापायला जायचं होतं, आणि जे होईल ते तसंच लिहायचं ठरलं होतं. संध्याकाळची वेळ. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत तेवढी दिसत होती, पिवळट, मग राखाडी. फोटोवालीनं बल्ब लावला. खळ शिजत होती, फुगे येऊन फुटत होते.

"एक सांग," दादा म्हणाला. "दिवेवाला कुणाचा?"

"बाबांचा."

"बाबा नाहीत. मग पात्र रिकामं. रिकाम्या पात्राचं गाव गाडायला नियमाची आडकाठी नाही. मला ओतणीचीही गरज नव्हती खरं तर. मी तुझं मन राखलं."

"माझं मन राखलंस?" धाकटीनं खळ ढवळायचा डाव भांड्यावर आपटला. "तू? माझं नाव कागदवाल्याच्या खाली टाकताना राखलंस ना, तेवढं पुरे! रिकामं वाटतंय ना तुला ते? मग घे! घे तूच ते पात्र! उभा राहा तिथं अंधारात, डोंगर अंगावर येताना, आणि मग सांग रिकामं आहे का भरलेलं!"

"घेतो की," दादा म्हणाला. तो हसत होता. त्यानं गावातून काडी उचलली, दोन बोटांत धरली, मान जराशी खाली घातली आणि बाबांचा आवाज काढला. नक्कल त्याला चांगली जमायची. "मी दिवे लावतो, आणि घरी जातो."

फोटोवाली हसली नाही.

धाकटीनं भांडं उचललं. "आता डोंगराची पाळी," ती म्हणाली. "मी उतू जाते."

तिनं ओतलं.

खळ विवरात फिरली. सांजगावाकडच्या ओठावर आली, थबकली. मग मागे वळली, खाच शोधली आणि पन्हळीत उतरली.

दादानं काडी दोन बोटांत तशीच धरली होती.

खळ टेकडीच्या पायथ्याशी पोचली. तिथं पन्हळ संपत होती.

खळ टेकडी चढू लागली.

सावकाश. कुठे घाई नाही. रस्ता माहीत असलेला माणूस चढतो तशी. तटबंदी ओलांडली. चौक ओलांडला. पांढऱ्या घराच्या भिंतीला लागली, निळ्या दाराच्या उंबऱ्याशी क्षणभर जमली, आणि घरावरून गेली.

भांडं रिकामं झालं होतं. खळ अजून येत होती.

मग थांबली.

खोलीत रबराचा वास होता. खालचं दुकान केव्हाच बंद झालं होतं.

"छान," दादा म्हणाला. त्यानं काडी अलगद सांजगावात उभी केली. मग सिंकपाशी गेला, तिथला दिवा लावला. मधला लावला. खिडकीजवळचा लावला. "डोळे खराब होतील अशानं," तो म्हणाला. "चला. मी घरी जातो."

जिना उतरताना तो कठड्याला हात लावून, एकेक पायरी जपून उतरला. बाबा उतरायचे तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी हिशेबी बाई. नवऱ्याशी जमवून घेण्यात आपण काय काय खर्ची घातलं, हे तिला शेवटच्या आण्यापर्यंत पाठ होतं.

"काय केलंस गं तू त्यांना?"

"काय झालं?"

"काही नाही झालं, तेच विचारतेय. काल आले, हातपाय धुतले, जेवले, ताट उचलून ठेवलं. माझा आवाज चढला तर म्हणाले, बरं. नुसतं बरं! सकाळी पोरीची वेणी घातली. जे काही केलं असशील, ते राहू दे बाई तसंच. दुरुस्त करायला जाऊ नकोस."

दादा खोलीवर आला. रत्नकोट गाडलेलं त्यानं बघितलं आणि तसंच लिहून दिलं. सांजगाव बचावलं. मुखपृष्ठावर त्यानं धाकटीचं नाव आधी घातलं, आपलं खाली. आभाराच्या पानावरच्या कागदवाल्याला हात लावला नाही. धाकटी बघत राहिली. इतक्या वर्षांची येणी एका सकाळी कुणी न मागता चुकती केली होती, आणि तिला ती घेववेना.

"दादा, भांड ना," ती म्हणाली.

"कशाला?"

"मी पन्हळ कोरली होती. मी लबाडी केली. खरंच केली."

"होतं असं," दादा म्हणाला.

"बखरकार कुठे आहे?"

दादानं खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठी घातली, जी बाबा घालायचे. "कोण गं तो?"

त्या दुपारी तिला टकटक ऐकू आली.

आधी वाटलं, खाली रिम ठोकतायत. मग खाली जेवायची सुट्टी झाली आणि टकटक चालूच राहिली. रत्नकोटावर लाल खळ वाळून कवच झाली होती, भाजल्या विटेसारखी. तिनं कान लावला. कवच कोमट होतं. आवाज आतून येत होता, बारीक, पण संयम नसलेला. असं दार बडवणारा माणूस तिनं एकच पाहिला होता. लहानपणी एकदा तिनं त्याला माळ्यावर कोंडलं होतं, तेव्हा त्यानं असंच बडवलं होतं, विनवणी म्हणून नव्हे, शिव्या म्हणून.

कवचाला, निळं दार असेल त्याच्या जरा पुढे, एक तडा गेला होता. केसाएवढा.

पटाशी हाताशी होती. एक ठोका पुरला असता.

तिनं पटाशी उचलली देखील. मग पलीकडे बघितलं. सांजगाव जागच्या जागी होतं. पिवळे दिवे, नदी, काडी. तो बाहेर आला तर पहिलं काय करेल, हे तिला पुरतं माहीत होतं. फोन उचलेल, छपाई थांबवेल, सांजगाव गाडेल. या वेळी ओतणीशिवाय, नुसतं लिहून. आणि तिचं नाव कागदवाल्याच्या खालीही ठेवणार नाही.

"शुक्रवारपर्यंत थांब," ती कवचाला म्हणाली. "आम्ही नाही थांबलो?"

टकटक जोरात झाली. तडा जरासा रुंदावला. तिच्या अंगात जुनी आग सणकन उठली, कानामागे, मानेत, सगळीकडे ओळखीची. अजूनही हुकूम! आत गाडला गेलाय तरी हुकूम!

तिनं शेगडीवर चमचाभर नवी खळ शिजवली, बोटानं तड्यात भरली आणि अंगठ्यानं चेपून बसवली. चांगली जाड.

शुक्रवारी पुस्तक छापायला गेलं. शनिवारी वहिनीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. पोरगी बापाच्या मांडीवर झोपली होती. धाकटीला वाटलं, सोमवारी बघू. सोमवारी फोटोवाली आली होती, तिच्यासमोर नको. मग पुस्तक छापून आलं, धाकटीचं नाव वर असलेलं. लोकांनी सांजगाव बचावल्याचं कौतुक केलं. टकटक कमी होत गेली. खाली रिम ठोकत असले की ती ऐकूच यायची नाही, आणि खाली नेहमीच काहीतरी ठोकत असायचे.

एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आवाज पूर्ण बंद आहे, आणि केव्हापासून बंद आहे हे तिला सांगता येणार नाही.

तेव्हा तिनं पटाशी लावली.

कवच सहज सुटलं, एका मोठ्या खपलीत, पातेल्याच्या तळासारखं. खाली पांढरं घर होतं तसं होतं. निळं दार मात्र उघडं होतं. ते दार तिनंच केलं होतं, भरीव प्लास्टरवर निळा चौकोन रंगवून. त्याला आतबाहेर नव्हतं. आता ते किलकिलं होतं आणि मागे अंधार होता, बोट जाईल एवढा.

तिनं खपली उलटी करून टेबलावरच्या एकाच लावलेल्या दिव्याखाली धरली.

आतल्या बाजूला ओरखडे होते. दारापासून सुरू होऊन ते चढत, वळत, पुन्हा खाली येत गेले होते, जागा शोधत. जिथं तिनं तडा बुजवला होता तिथं ते इतके दाट होते की खळ विणल्यासारखी दिसत होती. तिच्या अंगठ्याचा ठसा वरून होता. आतून, बरोबर त्याच ठशाच्या मागे, रव्याच्या कणाएवढं काहीतरी रुतून बसलं होतं. तिनं भिंग घेतलं.

नख होतं. मुळापासून निघालेलं.

पुढे ओरखडे नव्हते.

मागे जिन्यावर जपून चढणारी पावलं वाजली. दादा आत आला, सिंकपाशी थांबला. त्याच्या बोटांची नखं बारीक कापलेली होती, स्वच्छ, बाबा रविवारी कापायचे तशी.

"अंधारात काय करतेस?" तो मायेनं म्हणाला. "दिवे लावू का?"

तिनं आपला राग शोधला. सगळीकडे शोधला. तो घ्यायला आता खोलीत कुणी नव्हतं.

तिनं खपली पुन्हा घरावर ठेवली, कडा जुळवून.

"लाव," ती म्हणाली.